सहा इंची न्यूटोनियन आणि आपले अठरा अंश : सात महिन्यांनंतर

नोव्हेंबरात १५० मिमी आरसा, ७५० मिमी नाभीय अंतराची न्यूटोनियन दुर्बीण आणि मोटरचा विषुववृत्तीय माउंट घेतला; याचा अक्ष ध्रुवाकडे रोखला की मोटर दुर्बिणीला ताऱ्यांमागे फिरवते. कॅमेरा घरातलाच जुना डीएसएलआर. खूळ एकच, एकमेकींना ओढून-ताणून वाकड्या करणाऱ्या दीर्घिकांचे फोटो.

दुर्बिणीबद्दल तक्रार नाही. कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, दर वेळी तपासावं लागतं, पण ते पाच मिनिटांचं काम. छळलं ते माउंटनं. आमच्या वेल्ह्याच्या माळावर ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १८ अंशांवर. अक्ष तेवढा खाली आणला की काउंटरवेट, म्हणजे तोलाचं वजन, तिवईच्या उत्तरेकडच्या पायावर येतं. फेब्रुवारीत एम ५१ ही व्हर्लपूल दीर्घिका ईशान्येला नुकती वर येत असताना ‘टक्’ झालं. वजन पायाला टेकलेलं आणि मोटर आपली ढकलतेय! पुढच्या नऊ फ्रेममध्ये तारे तांदळासारखे लांबट. एकाऐवजी दोन छोटी वजनं दांड्यावर वर सरकवून लावली, तेव्हा सुटलो. अक्षांशाचा बोल्ट मात्र दुर्बीण चढवलेली असतानाच फिरवला आणि वाकवला. चूक माझी, पण लोखंडही अगदीच मऊ. लेथवाल्याकडून स्टीलचा करून घेतला.

एम ५१ डोळ्यांनी पाहाल तर दोन धुरकट ठिपके. तिचे सर्पिल बाहू १८४५ मध्ये लॉर्ड रॉसना दिसले, तेही सहा फुटी आरशातून. दोन-दोन मिनिटांच्या ११० फ्रेम स्टॅक केल्यावर, म्हणजे एकावर एक रचून एकत्र केल्यावर, माझ्या सहा इंचीनं ते दाखवले, एक बाहू शेजारच्या एनजीसी ५१९५ या दीर्घिकेवर जाऊन पडलेला. चित्र मात्र इवलंसं, फ्रेमच्या रुंदीचा जेमतेम दहावा हिस्सा. कापूनच बघायचं.

ज्या अठरा अंशांना शिव्या घातल्या, त्यांनीच एप्रिलच्या अमावास्येला भरपाई केली. हस्त नक्षत्रातल्या ‘अँटेना’ दीर्घिका, एनजीसी ४०३८ आणि ४०३९, आपल्याकडे ५३ अंशांपर्यंत चढतात. लंडनकरांना त्या जेमतेम वीस अंशांवर गाठाव्या लागतात, म्हणजे जवळपास आपल्या ध्रुवाइतक्याच खाली. तीन तासांत बदामासारखा जोड स्पष्ट आला, त्यांच्या दोन शेपट्यांपैकी एक ओझरती. दुसरी उकाड्यात तापलेल्या सेन्सरच्या खरखरीत बुडाली. झाकण लावून डार्क फ्रेम घेऊनही ती खरखर निघाली नाही.

आता सगळं सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात, दिवाळीपर्यंत.

घेणार असाल तर दुकानातच माउंट १८ अंशांवर आणायला लावा, वजन चढवून दांडा पूर्ण फिरवून बघा, पायाला लागत नसेल तरच पैसे मोजा.