सासूबाईंचा चहा: गॅस की इंडक्शन?
शेजारच्या ताईंचा पेच: सासूबाईंना अल्झायमर, पण चहा स्वतःच करायचा हट्ट. करू द्यावाच, म्हणते मी.

सुरक्षिततेत इंडक्शन पुढे. ज्योत नाही, पातेलं उचललं की तापणं थांबतं. गॅसची मोठी भीती गळतीची. या आजारात अनेकांना वासही नीट येत नाही.

सवयीत मात्र गॅस जिंकतो. नवं लक्षात ठेवणं आधी जातं, हातांची जुनी सवय बराच काळ टिकते. बटणांपुढे त्या अडतील.

खर्च? इंडक्शनला चुंबक चिकटणारी, सपाट बुडाची भांडी हवीत. नेहमीचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं बाद.

घरात कोणी असेल तर गॅसच, एरवी रेग्युलेटर बंद. दुपारी एकट्या राहत असतील तर इंडक्शन, आणि तेही आजार सुरुवातीला असतानाच आणा.