कॅम्परव्हॅन भाड्याने घ्यायची तर मालकाची की कंपनीची?

गेल्या दिवाळीपासून आम्ही पुण्याहून कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची, फ्रिजची आणि टॉयलेटची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन फिरतोय. कधी ऍपवर मिळालेल्या एखाद्या मालकाची स्वतःची गाडी, कधी कंपनीच्या ताफ्यातली. घरात सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि इन्सुलिन चालू आहे. मुलगा दुसरीत आहे. दर मुक्कामाला सामान उतरवा, चढवा, जिने मोजा, यापेक्षा हा प्रकार आम्हाला मानवला. आता ओळखीतले सगळे विचारतात, कुठली घ्यावी? माझी पसंती पिवळ्या नंबरपाटीच्या एकट्या मालकाला. तो मिळाला नाही तर कंपनी. पांढऱ्या पाटीची गाडी मात्र कितीही देखणी असली तरी घेऊ नये.

पाटीवर एवढा भर देण्याचं कारण आहे. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे गाडी खासगी वापरासाठी नोंदवलेली. तिच्या विम्यात भाड्याने दिलेला वापर वगळलेला असतो. घाटात काही झालं तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि मग मालक आणि आपण एकमेकांकडे बघत बसायचं. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे चालकासह भाड्याची गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तरच ती स्वतः चालवायला भाड्याने देता येते. एकट्या मालकाकडे काळी पाटी सहसा का दिसत नाही? 1989 च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान 50 गाड्यांची अट आहे. घरची एक गाडी असलेल्या माणसाने ती कुठून पुरी करायची? म्हणून ‘तुम्हीच चालवा, ताई, काही होत नाही’ असं म्हणणाऱ्या मालकाला मी सरळ नाही म्हणते. पैसे भरण्याआधी आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), विमा, परमिट आणि फिटनेस सर्टिफिकेट यांचे फोटो व्हॉट्सऍपवर मागवते. जो टाळाटाळ करतो त्याची गाडी घेत नाही.

आता गाडीबद्दल. इथे एकटा मालक कंपनीच्या कितीतरी पुढे असतो. कोथरूडच्या ज्या मालकांची फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी आम्ही पुन्हा पुन्हा घेतो, ते आदल्या संध्याकाळी बोलावून घेतात आणि एकेक वस्तू हाताने दाखवतात. पाण्याच्या पंपाचा स्विच, टाकीची पातळी, कॅसेट टॉयलेटची, म्हणजे टॉयलेटखालची मैल्याची सुटी टाकी कशी ओढून काढायची, फ्यूजच्या डबीत कुठला फ्यूज कशाचा. प्रत्येक फ्यूजखाली त्यांनी चिकटपट्टीवर मराठीत नाव लिहिलंय. दाराची पायरी उंच पडते म्हणून त्यांनी स्वतःच्या आईसाठी एक रुंद लाकडी पाट करून घेतला होता. सासूबाई त्यावर पाय ठेवून कुणाचा हात न धरता चढल्या, तेव्हा मला फार बरं वाटलं. गुहागरला रात्री पंप बंद पडला. फोन केला, दुसऱ्या रिंगला उचलला. ‘तिसरी चिकटपट्टी बघा, सुटा फ्यूज झाकणाच्या आतच आहे.’ तेवढ्यात काम झालं.

कंपनीची गाडी घेतली तेव्हा वाकडच्या यार्डात टॅबवर खुणा झाल्या, सही झाली आणि किल्ल्या चालकाच्या हातात गेल्या. चालक सज्जन होता, पण ती गाडी त्याने पहिल्यांदाच हातात घेतली होती. पहाटे फ्रिज बंद पडलेला. कस्टमर केअरवर आधी क्रमांक दाबा, मग तक्रार नोंदवा. इन्सुलिन शेवटी एका हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवावं लागलं. मला त्याचा राग आला आणि अजून आहे.

पण हेही तितकंच खरं, की दुसऱ्या एका कंपनीच्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा भाग) चिपळूणजवळ गेला, तेव्हा संध्याकाळपर्यंत दुसरी गाडी दारात उभी होती. एकट्या मालकाकडे दुसरी गाडीच नसते. त्याची बिघडली की सहल तिथेच संपली. शिवाय ऐन नाताळात एका मालकाने दोन दिवस आधी बुकिंग रद्द केलं, घरचंच कार्य निघालं म्हणे. त्यामुळे डिसेंबर आणि मे महिन्यात, तारखा हलवता येत नाहीत तेव्हा मी कंपनीकडेच जाते. भाडं जास्त पडतं, किलोमीटरची मर्यादा असते, तरीही.

फ्रिज आणि एसीबद्दल दोघांनाही एकच प्रश्न विचारा: बॅटरी कुठली आणि किती? 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम 1.2 युनिट वीज. एसी ताशी एक युनिट ओढत असेल तर तासाभरात खेळ खलास. लेड-ऍसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर बॅटरी लवकर मरते. म्हणजे रात्रभर एसी हवा असेल तर मुक्कामी 15 अँपिअरचा प्लग पाहिजे. राज्याचं कॅराव्हॅन (अशाच राहण्याच्या गाड्या) पर्यटन धोरण 2021 साली आलं, त्यात या गाड्या मुक्कामाला लावायच्या कॅराव्हॅन पार्कची कल्पनाही आहे. पण आम्ही आजवर मुख्यतः होमस्टेच्या अंगणातच गाडी लावली, प्लगचं आधी फोनवर ठरवून.

टायरवरचे चार आकडे वाचायला शिका. 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कॅम्परव्हॅन महिनोन्‌महिने उभी असते. नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर कडक झालेलं असतं. ताम्हिणीत पावसात असा टायर मला नको. या बाबतीत मालक आणि कंपनी दोघेही सारखेच ढिले सापडले.

सप्टेंबरअखेर कासला जायचंय. कोथरूडच्या मालकांना विचारून ठेवलंय. त्यांची गाडी अडकलेली असली तर कंपनीची घेऊ, पण फ्रिज रात्रभर चालवून दाखवा, मगच ऍडव्हान्स, हे कंपनीला आधीच सांगितलंय.