सिस्टिम फाइल्स बिघडल्या: दुरुस्ती करायची, वरून विंडोज टाकायचं की थेट फॉरमॅट?

स्टार्ट मेनू उघडत नाही, अपडेट दर वेळी अर्ध्यावर येऊन मागे फिरतं, मधूनच निळी स्क्रीन येते. असा पीसी दुकानात नेला की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ कधी ते खरं असतं, पण बऱ्याचदा ते दुकानदाराच्या सोयीचं असतं. त्याचं काम दोन तासांत उरकतं. प्रिंटर, टॅली, डोंगलवरची जुनी श्री-लिपी हे सगळं पुन्हा बसवत तुम्ही बसता. म्हणून हो म्हणण्याआधी बाकीच्या वाटा बघून घ्या. इथे विंडोज १० आणि साधी हार्ड डिस्क असलेलं घरचं जुनं मशीन धरलं आहे.

सगळ्यात आधी डिस्क तपासा. वीज जाऊन मशीन धाडकन बंद पडलं, यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली, तर चालू लिखाण अर्धवट राहून फाइल खराब होऊ शकते. हा अपघात झाला, तो दुरुस्त होतो. पण डिस्कवर बॅड सेक्टर (डिस्कचे खराब झालेले कप्पे) वाढत असतील तर आज नीट केलेली फाइल पुढच्या आठवड्यात पुन्हा जाईल. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ‘गुड’ऐवजी पिवळं ‘कॉशन’ दिसलं, रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचे आकडे चढत असतील, तर खालची तुलना वाचूच नका. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि एसएसडी टाका. अशा डिस्कवर आधी विंडोजचं डिस्क तपासणारं चेकडिस्क लावून ती तासन्‌तास घासायला लावणं म्हणजे मरणाऱ्या डिस्कला आणखी पळवणं. कॉपी आधी. डिस्क ठणठणीत आणि तरी निळी स्क्रीन येत असेल, तर विंडोजच्याच मेमरी डायग्नोस्टिकने एकदा रॅमही तपासा.

पहिली वाट: एसएफसी आणि डिसम, विंडोजमध्येच असलेली दुरुस्तीची दोन साधनं. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि दोन कमांड द्यायच्या. एसएफसी (sfc /scannow) प्रत्येक संरक्षित सिस्टिम फाइल तपासतं आणि बिघडलेली सापडली की विनएसएक्सएस फोल्डरमधल्या साठ्यातून चांगली प्रत उचलून ठेवतं. गोम इथेच आहे: साठाच खराब असेल तर ते चांगली प्रत आणणार कुठून? तो साठा डिसम (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth) दुरुस्त करतं, त्यासाठी लागणाऱ्या फाइल्स विंडोज अपडेटवरून घेतं. म्हणून क्रम आधी डिसम, मग एसएफसी. बरेच जण नुसतं एसएफसी चालवतात, ‘काही फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत’ असं उत्तर आलं की हात टेकतात. जुन्या डिस्कवर डिसमचा आकडा ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ अडकलेला दिसतो. खिडकी बंद करू नका, चहा घेऊन या. या वाटेने प्रोग्राम, फाइल्स, सेटिंग कशालाच धक्का लागत नाही. मात्र ड्रायव्हरचा घोळ, व्हायरस किंवा बिघडलेली रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) याने सुधारणार नाही. विंडोज ७ असेल तर डिसमची ही सोय नाहीच, तिथे एसएफसीवरच भागवावं लागतं.

दुसरी वाट: आहे त्यावरच पुन्हा विंडोज. दुकानात ही क्वचितच सुचवतात आणि मला तिन्हींत हीच जास्त आवडते. विंडोज १०ची आयएसओ फाइल (विंडोज बसवायची अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये) उघडून त्यातला सेटअप चालू विंडोजमधूनच चालवायचा, ‘फाइल्स आणि ॲप्स ठेवा’ निवडायचं. सगळ्या सिस्टिम फाइल्स नव्याने बसतात, टॅली आणि प्रिंटर जागच्या जागी राहतात. अटी दोन-तीन आहेत. आयएसओची भाषा आणि आवृत्ती तुमच्या विंडोजशी जुळायला हवी; होमवर प्रो किंवा यूके इंग्लिशवर यूएस इंग्लिश लावलं की ॲप्स ठेवण्याचा पर्याय फिका पडतो. पेन ड्राइव्हवरून बूट केलं तर तो मिळतच नाही, म्हणजे विंडोज निदान डेस्कटॉपपर्यंत यायला हवं. सी ड्राइव्हवर २० जीबी तरी मोकळी ठेवा. जुनं विंडोज दहा दिवस विंडोज.ओल्डमध्ये पडून असतं, बिनसलं तर मागे जाता येतं.

तिसरी वाट: रीसेट (विंडोजच्याच सेटिंगमधून ते नव्याने बसवणं) किंवा सगळं पुसून कोरं विंडोज. रीसेटमधलं ‘माझ्या फाइल्स ठेवा’ फसवं वाटू शकतं. फाइल्स राहतात, प्रोग्राम उडतात. कोणकोणते उडाले त्याची यादी डेस्कटॉपवर ठेवून जातं, एवढंच. शिवाय स्थानिक रीसेट त्याच बिघडलेल्या साठ्यातून विंडोज उभारतं, त्यामुळे ऐन वेळी ‘रीसेट करता आलं नाही’ म्हणून थांबू शकतं. त्यापेक्षा विंडोज नेटवरून नव्याने उतरवणारं क्लाउड डाउनलोड निवडा, साधारण ४ जीबी नेट जाईल. कोरं विंडोज टाकायचं तर पुसायचं पार्टिशन (डिस्कचा भाग) नावावरून नाही, आकारावरून ओळखा. तिथे सी आणि डी लिहिलेलं नसतं आणि डी ड्राइव्हमधली लग्नाची व्हिडिओ कॅसेट उतरवलेली फाइल अशाच घाईत जाते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे सीवरच असतात, हेही विसरलं जातं.

मग निवडायचं कसं? मशीन चालतंय, फक्त कुरकुरतंय तर पहिली वाट, एका संध्याकाळचं काम. तिने भागलं नाही आणि परत न मिळणारी सॉफ्टवेअर असतील तर दुसरी. व्हायरस शिरलाय, विंडोज उघडतच नाही किंवा मशीनवर यूट्यूब आणि वीजबिल यापलीकडे काही होत नाही, तर थेट तिसरी. मूळ लायसन्स डिजिटल असेल तर त्याच मदरबोर्डवर नेट जोडताच विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं. प्रॉडक्ट की शोधत बसायला नको. फक्त एक हिशोब धरा: विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि आठव्या पिढीआधीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. तिसऱ्या वाटेने जाणारच असाल आणि विंडोजचंच एखादं सॉफ्टवेअर अडलेलं नसेल, तर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघा, डिस्कला हात न लावता.