‘सरकारमान्य म्युझिक थेरपिस्ट’ व्हायला निघालेल्यांसाठी

माझ्या धाकट्या बहिणीला ४५,००० रुपयांचा चुना लागला. म्युझिक थेरपीच्या, म्हणजे संगीतातून रुग्णांवर उपचार करण्याच्या, एका बोगस डिप्लोमासाठी सोयाबीन विकून बाबांनी भरलेली फी होती ती.

आमचं गाव तिवसा तालुक्यातलं. तुकडोजी महाराजांची मोझरी जवळ, त्यामुळे खंजिरी घरोघरी. बाबा भजनात खंजिरी धरतात, बहीण पेटीवर बसते, संगीतात बी.ए. झाली आहे. फोनवरच्या माणसानं नेमकं तेच हेरलं. “ताई, संगीत तुमच्या रक्तातच आहे. फक्त सर्टिफिकेट पाहिजे. नागपूरच्या दवाखान्यात नोकरी पक्की.” बोलणं इतकं गोड, की आईनं त्याला दिवाळीच्या फराळाचं आवतण दिलं होतं!

डिप्लोमावर ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ छापलेलं आणि खाली उद्यम नोंदणीचा क्रमांक. ही नोंदणी घरबसल्या, फुकटात होते. पिठाच्या गिरणीचीही होते. ती धंद्याची नोंद. अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी तिचा संबंध नाही. आयएसओ ९००१ चा शिक्काही कामकाजाच्या पद्धतीचा असतो. ‘आरसीआय नंबर मिळेल’ हीसुद्धा थापच. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद; ती विशेष शिक्षक, वाचा-श्रवण तज्ज्ञ अशांची नोंदणी करते, संगीतोपचारकांची नाही.

शिकवलं काय, तर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि एक तक्ता: मधुमेहाला अमुक राग, बीपीला तमुक. मला याचाच जास्त संताप येतो. लकव्यानंतर वाचा गेलेला माणूस, स्वमग्न मूल, विसरभोळेपणाच्या आजारातले आजोबा, या प्रत्येकाला आधी नीट पाहावं लागतं, मग काय साधायचं ते ठरतं आणि त्यानंतर सूर-ताल. अमेरिकेत या शिक्षणात किमान १,२०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. बहिणीला एकही रुग्ण दाखवला नाही. आपल्याकडे रीतसर शिकायचंच असेल तर पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठात संगीतोपचाराचं केंद्र आहे.

नागपूरच्या त्या दवाखान्यात अशी जागाच नव्हती. तिथल्या बाईंनी कागद उलटसुलट करून विचारलं, “बेटा, प्रॅक्टिकल कुठं केलं?” इकडे तो माणूस ‘प्लेसमेंट फी’ म्हणून आणखी १२,००० मागत होता. नाही म्हटल्यावर नंबर बंद.

पैसे यूपीआयनं एका खाजगी खात्यात गेले होते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ठाण्यातही अर्ज दिला. हवालदार म्हणाले, “काऊन थांबले बाप्पा इतके दिवस? लगेच फोन केला तर खातं गोठवता येते.”

तिवसा, चांदूर रेल्वे भागात आणखी कोणाला असा फोन आला असेल, तर पावत्या आणि कॉल रेकॉर्डिंग पुसू नका. आम्ही पुन्हा ठाण्यात जाणार आहोत, सोबत या.