परदेशी वेतनसेवा : हिशेब चोख, उत्तरे उशिरा
वाळूजच्या आमच्या कारखान्यासाठी जर्मनीत विक्री-प्रतिनिधी नेमताना आम्ही एका वेतनसेवा संस्थेची मदत घेतली. तेथील निवृत्तिवेतन विम्याचा 18.6 टक्के हप्ता मालक व कर्मचारी निम्मा-निम्मा भरतात, पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी किमान 20 दिवसांची भरपगारी रजा द्यावीच लागते आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या परिवीक्षाकाळात दोन आठवड्यांची नोटीस पुरते, हे त्यांनी करारापूर्वीच नीट समजावले. पगारपत्रकात प्रत्येक कपात स्वतंत्र ओळीत, रुपयांतील आकड्यासह दिसते. हे मला फार मोलाचे वाटते, कारण आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या हिशेबाने चालणारा मालक तिकडचा एकूण खर्च हमखास कमी धरतो. शंकांची उत्तरे मात्र आठवडाभराने येतात, आणि पगाराची तारीख तोंडावर असताना एवढा विलंब परवडत नाही.