१४ महिने, ३४ टाक्या: गाडीचं ॲव्हरेज नेमकं कुठे जातं

लिटरला सगळ्यात कमी १२.६ किलोमीटर, सगळ्यात जास्त २१.४. गाडी तीच, चालवणारा मी एकटाच, इंजिन तेच १.२ लिटरचं पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मीटर ३१,००० वर होता. त्यानंतरच्या १४ महिन्यांत १६,४२० किलोमीटर झाले आणि ९४९ लिटर पेट्रोल लागलं. भागाकार केला की लिटरला १७.३. कोणी ॲव्हरेज विचारलं की मी हाच आकडा सांगतो, पण सांगताना तो मनाला पटत नाही. १७.३ देणारी गाडी मला फार थोडे दिवस भेटली. काही आठवडे ती १३ ची होती, काही प्रवासांत २१ ची. हा फरक कशाने पडतो ते शोधायला पहिल्या टाकीपासून वही ठेवली.

आधी मोजण्याबद्दल, कारण इथे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. माझी पद्धत टाकी फुल ते टाकी फुल. नोझल पहिल्यांदा ऑटो कट झाला की थांबायचं, वर थेंबभरही भरायचं नाही, ट्रिप मीटर शून्य करायचा. पुढच्या वेळी पुन्हा तसंच भरून किलोमीटर भागिले लिटर. यातही ऑटो कट कधी जरा आधी होतो, कधी जरा नंतर, म्हणून एका टाकीच्या आकड्यावर मी भरवसा ठेवत नाही. तीन-चार टाक्यांची सरासरी मात्र खरं बोलते. डॅशबोर्डवरचा आकडा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल सोडणारी तोटी) किती वेळ उघडा राहिला यावरून काढलेला अंदाज असतो. माझ्या गाडीत तो सरासरी १८.६ दाखवत होता, म्हणजे खऱ्यापेक्षा सात टक्क्यांहून जास्त. आजच्यापेक्षा काल बरं होतं का, एवढं पाहायला तो चांगला आहे. त्यावरून दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करू नये.

कंपनीच्या आकड्याबद्दलही माझा राग नाही. तो गाडीची चाकं रोलरवर फिरवून, ठरलेल्या तापमानात आणि ठरलेल्या वेगाच्या आराखड्यावर मोजलेला असतो, आणि एसी बंद असतो. वेगवेगळ्या गाड्या एकाच तराजूत तोलायला तो बनवला आहे. माझा रोजचा रस्ता त्या तराजूत कधीच नव्हता.

आता १२.६ ची टाकी. थंडीचे दिवस होते आणि त्या महिन्यात माझी सगळी कामं जवळची होती. तीन किलोमीटर जायचं, दोन तास थांबायचं, तीन किलोमीटर परत. दिवसातून दोनदा असं. वेग कधी पन्नासच्या वर नाही, गर्दी नाही, घाई नाही. मला वाटलं होतं, या टाकीला चांगला आकडा येईल. आला तो सगळ्यात वाईट. मी पुन्हा मोजलं, पुढची टाकी १३.१.

कारण समजून घेतलं तेव्हा ते डोळ्यांसमोरच होतं: तापमानाचा काटा. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीचा संगणक जास्त पेट्रोल सोडतो. इंजिन ऑइल घट्ट असतं, गिअरबॉक्समधलंही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तीनेकशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय धूर साफ करत नाही, तो लवकर तापावा म्हणून इंजिन मुद्दाम जास्त फेऱ्यांवर ठेवलं जातं. माझा काटा मधोमध यायला जवळजवळ पाच किलोमीटर लागायचे, आणि माझा प्रवास तीन किलोमीटरचा. म्हणजे त्या महिन्यात इंजिन एकदाही पूर्ण तापलं नाही.

मग प्रयोग केला. तीच कामं, तेच अंतर, पण जोडून. सकाळी एकदा निघायचं, लांबचं काम आधी करायचं, इंजिन गरम असतानाच बाकीची उरकत परतायचं. थंडी तशीच होती. ॲव्हरेज १५.८. गाडीला हात न लावता, चालवण्याची पद्धत न बदलता, फक्त कामांचा क्रम बदलून लिटरमागे जवळजवळ तीन किलोमीटर वाढले. १४ महिन्यांत शहरात मी जे जे करून पाहिलं त्यात याच्या तोडीचं दुसरं काही सापडलं नाही. आणि जागेवर उभं राहून इंजिन तापवायचा मोह टाळावा. उभ्या गाडीत ते हळू तापतं आणि तेवढ्या वेळात अंतर शून्य. अर्ध्या मिनिटात निघावं आणि पहिले काही किलोमीटर हलक्या पायाने चालवावं.

शहरातल्या चालवण्यात दुसरा मोठा खर्च ब्रेकचा. याचा हिशेब मी कागदावर मांडला आणि तेव्हापासून माझा पाय बदलला. माझ्यासकट गाडी साधारण एक टन. ताशी ६० वर तिच्यात सुमारे १४० किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एका लिटर पेट्रोलात ३२ मेगाज्यूलच्या आसपास, आणि त्यातली चाकांपर्यंत पोचते ती जेमतेम पाव, बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून उष्णता होऊन जाते. म्हणजे शून्यावरून साठपर्यंतचा नुसता वेग मिळवायला १७ मिलिलिटर पेट्रोल. लाल सिग्नलवर कचकन ब्रेक दाबला की ते सगळं ब्रेक पॅडमध्ये उष्णता होऊन संपतं. माझ्या १७.३ च्या हिशेबाने तेवढ्यात गाडी ३०० मीटर गेली असती. दहा सिग्नल, तीन किलोमीटर.

म्हणून आता पुढे दूरवर बघत चालवतो. सिग्नल लाल दिसला की गाडी गिअरमध्ये ठेवून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलतो. कितीदा तरी मी पोचेपर्यंत सिग्नल हिरवा होतो आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्येच पुढे निघते.

इथे बाबांबद्दल लिहायला हवं. बाबा उतार दिसला की न्यूट्रल करायचे, आणि मला शिकवतानाही त्यांनी तेच शिकवलं. त्यांच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याला अर्थ होता, कारण इंजिनाच्या फेऱ्या चढ्या राहिल्या की पेट्रोल ओढलं जायचंच. इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना पाय उचलला की फेऱ्या एका मर्यादेच्या वर असेपर्यंत इंजेक्टर पूर्ण बंद होतात आणि इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल द्यावंच लागतं, शिवाय इंजिनाचा ब्रेक हातचा जातो. बाबांना मी एका लांब उतारावर हे स्क्रीनवर दाखवलं. त्यांनी दोनदा पुन्हा करून बघायला लावलं, आणि मग मान्य केलं. तेव्हापासून तेही गिअरमध्येच उतरतात.

हायवेवर वेगळंच गणित. एकाच रस्त्यावर १६० किलोमीटर जाऊन परत, दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन्ही वेळा एकटा, एसी चालू. जाऊन-येऊन यासाठी की चढ आणि वारा दोन्ही बाजूंना वाटला जावा. पहिल्या दिवशी ८० ते ८५ च्या दरम्यान: २१.४. दुसऱ्या दिवशी १०० ते १०५: १७.६. ३२० किलोमीटरला तीन लिटरहून जास्त फरक. ऑटो कटची चूक धरली तरी हा फरक तिच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० ला गेलं की वेग सव्वापट आणि विरोध दीडपटीहून जास्त. वाचलेला वेळ एका बाजूला २४ मिनिटं. ती मिनिटं कधीकधी खरंच हवी असतात, आणि तेव्हा मी शंभरने जातो. पण काय देतोय ते आता माहीत असतं. समोरून ताशी २० चा वारा असेल तर ८० ने जाणारी गाडी हवेला १०० चीच वाटते, हेही त्यात धरावं.

टपावरचं कॅरिअर याच कारणाने खातं. सामानासाठी बसवलं, काम झाल्यावर तीन आठवडे रिकामंच राहिलं, आणि त्या टाक्यांना हायवेवर सव्वा किलोमीटर कमी आला. काढून ठेवलं.

आता ज्या प्रकरणाने मला सगळ्यात जास्त छळलं ते. १९व्या टाकीपासून आकडा हळूहळू घसरत गेला. १७, १६.४, १५.९, १५.२. रस्ते तेच, ऋतू तोच. मी आधी पेट्रोल भरायचा पंप बदलला. मग एअर फिल्टर नवा टाकला. काही फरक नाही, आणि नंतर कळलं की पडणारही नव्हता. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत संगणक आत येणारी हवा ओळखून त्या मानाने पेट्रोल देतो, त्यामुळे फिल्टर तुंबला तर पिकअप कमी होतो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तिथे ‘गाडी जुनी झाली की असं होतंच’ असं सांगून परत पाठवलं. चाक उचलून फिरवून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत सापडलं असतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी मीच शोधलं. एका लांब, मोकळ्या रस्त्याने ब्रेक फारसा न लावता आलो, उतरून चारही चाकांजवळ हात नेला. पुढचं डावं चाक लांबूनच धगधगत होतं. (रिमला हात लावू नका, भाजतं.) कॅलिपर, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या पडून जाम झाल्या होत्या, पाय उचलला तरी पॅड डिस्कला घासत राहायचं. म्हणजे हजारो किलोमीटर मी थोडा ब्रेक लावूनच गाडी चालवत होतो. दुसऱ्या मेकॅनिकने पिना साफ करून ग्रीस लावलं, पॅड बदललं. पुढची टाकी १७.४.

त्यानंतर एक सवय लावून घेतली. एका सपाट, निर्मनुष्य रस्त्यावर ताशी ३० ला न्यूट्रल करून गाडी कुठवर जाते ते बघतो. झाडांच्या खुणा ठरलेल्या आहेत. आधी थांबली तर काहीतरी घासतंय किंवा हवा कमी आहे. ॲव्हरेज पडणं हे आजाराचं लक्षण असू शकतं, म्हणून या वहीची किंमत मला पेट्रोलच्या बचतीपेक्षा जास्त वाटते. इंजिनाचा दिवा लागला असेल तर मात्र खुणा बघत बसू नये. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बिघडला तर पेट्रोलचा खर्च कितीतरी वाढू शकतो, आणि कन्व्हर्टर जळतो तो वेगळाच.

टायरच्या हवेबद्दल मला जे दिसलं ते सरळ सांगतो. ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ऐवजी चारही चाकांत २६ निघाली तेव्हा वाटलं, आता कारण सापडलं. हवा भरली आणि वहीत काहीच दिसलं नाही. हिशेबही तसाच आहे: प्रत्येक पीएसआयला साधारण ०.२ टक्के, म्हणजे सातला दीड टक्काही नाही. एवढा फरक ऑटो कटच्या चुकीत बुडून जातो. तरीही मी दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना हवा बघतो. कमी हवेचे टायर कडेने झिजतात, तापतात, वळणावर गाडी सैल वाटते. ही कारणं पुरेशी आहेत.

एसीने उन्हाळ्यात शहरात दीड किलोमीटर घेतला, हायवेवर अर्ध्याच्या आसपास. उन्हात उभी गाडी आधी काचा उघडून मिनिटभर चालवली की एसीवरचा पहिला भार उतरतो. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसणं मी पूर्ण सोडलं. एसीसकट माझं इंजिन तासाला लिटरभर पितं आणि तेवढ्यात एक मीटरही जात नाही.

इथेनॉलचं मिश्रण असलेल्या पेट्रोलाबद्दल मला बरेच जण विचारतात. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा असते. २० टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्के कमी होते. त्यामुळे दोन टाक्यांची तुलना करताना मिश्रण तेच होतं ना, हे आधी बघावं. इंजिन ऑइलची ग्रेड मॅन्युअलमध्ये असते तीच टाकतो. जाड ऑइल टाकून इंजिन ‘सुरक्षित’ करायच्या सल्ल्याने टक्का-दोन टक्के हकनाक जातात. डिकीतलं ओझं कमी केलं, फरक मोजता आला नाही.

मागच्या आठवड्यात चारही टायर बदलले. ३५वी टाकी अर्धी झाली आहे आणि आकडा थोडा खाली येईल असा माझा अंदाज आहे. नव्या टायरचं जाड रबर वळताना-दबताना जास्त ऊर्जा खातं. शिवाय जुने टायर झिजून काही मिलिमीटरने लहान झाले होते, त्यामुळे चाक जास्त फेऱ्या मारायचं आणि मीटर खऱ्यापेक्षा एक-दोन टक्के जास्त अंतर दाखवायचा. म्हणजे वहीतले शेवटचे आकडे मुळातच थोडे फुगलेले असणार. किलोमीटरचे दगड असलेला एक सरळ रस्ता हेरून ठेवला आहे. या टाकीत मीटर त्यांच्याशी ताडून पाहतो आणि फरक निघाला तर मागच्या दहा नोंदी दुरुस्त करतो.