मोठ्या अक्षरांतलं पवित्र शास्त्र: आठ महिने वाचल्यावर

आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, तरी बारीक अक्षर तिला लागेना. घरातलं जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वडिलांना लग्नात मिळालेलं. त्याचा टाइप इतका बारीक की मलासुद्धा चष्मा कपाळावर चढवून पान नाकाशी धरावं लागतं. म्हणून गेल्या नाताळाआधी मोठ्या टाइपाचं, संदर्भासहित छापलेलं मराठी पवित्र शास्त्र घेतलं. आता आठ महिने रोज संध्याकाळी ते घरात उघडलं जातंय. घ्यावं की नाही असं विचारणारे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरेच आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी तक्रार. पहिली प्रत घरी आणली तर यहेज्केलाच्या पुस्तकात सोळा पानं दोनदा बांधलेली आणि पुढची सोळा गायब. दुकानदार आधी म्हणाले, शास्त्र आम्ही परत घेत नाही. दोन खेपा घातल्या, तीन आठवडे गेले, तेव्हा बदलून मिळालं. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातच बसून पानांचे आकडे सलग आहेत का ते बघा, लाजू नका.

अक्षर मात्र मनासारखं आहे. रफार, अनुस्वार, जोडाक्षरं सुटी दिसतात. आई खिडकीशी बसून दिवसा स्वतः वाचते. कागद पातळ असल्यामुळे ट्यूबलाइटखाली मागच्या पानाचं अक्षर पुढे डोकावतं, तेव्हा मी वाचून दाखवतो. प्रभूचे शब्द लाल शाईत आहेत, ती शाई मत्तयाच्या शुभवर्तमानात चारदोन ठिकाणी फिकी पडलीय. वजन भारी आहे. मांडीवर फार वेळ ठेवता येत नाही, आम्ही समोर पाट ठेवतो. खूण ठेवायला फीत एकच आहे. जुन्या आणि नव्या करारासाठी दोन हव्या होत्या.

मला ह्या प्रतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली ती पानाच्या तळाशी छापलेले संदर्भ. त्यांचं अक्षर बारीकच आहे, आईला ते दिसत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे. एका वचनावरून दुसऱ्याकडे, तिथून तिसरीकडे. अशा फिरण्यातूनच आमच्या घरातली एक जुनी गाठ सुटायला लागली.

माझा धाकटा भाऊ किडनीच्या आजाराने गेला, त्याला अकरा वर्षं झाली. तो आजारी असताना बाहेरगावचे एक उपदेशक प्रार्थनासभेला आले होते. त्यांनी त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तो गेल्यावर त्यांनी आईला निरोप पाठवला की घरच्यांचा विश्वास कमी पडला. आई त्यावर कधी काही बोलली नाही. पण तेव्हापासून प्रार्थनेत ती स्वतःसाठी काही मागेनाशी झाली. देव सार्वभौम आहे, त्याच्या इच्छेशिवाय चिमणीही जमिनीवर पडत नाही, हे ती आम्हाला लहानपणापासून शिकवत आलेली. मग तिच्या विश्वासाच्या मापावर देवाचा हात अडला कसा? हा प्रश्न तिने विचारला नाही, पण तिच्या गप्प बसण्यात तोच होता.

फेब्रुवारीत आम्ही नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक वाचायला घेतलं. बारावा अध्याय आला. याकोब आणि पेत्र हे दोघे येशूचे शिष्य. हेरोद राजा याकोबाला तलवारीने मारतो, मग पेत्राला धरून तुरुंगात टाकतो. मंडळी पेत्रासाठी मनापासून प्रार्थना करत असते. रात्री दूत येतो, साखळ्या गळतात, पेत्र चालत मरीयेच्या घराशी येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावते. आतली माणसं, जी त्याच्याचसाठी प्रार्थना करत बसलीयत, तिला म्हणतात, तुला वेड लागलंय. ती ठासून सांगते तर म्हणतात, त्याचा दूत असेल.

आईने मला थांबवलं. "परत वाच बरं."

परत वाचलं.

"म्हणजे त्यांनाच खरं वाटलं नाही?"

"नाही वाटलं, आई."

"तरी पेत्र सुटला."

"सुटला."

थोड्या वेळाने म्हणाली, "आणि याकोबासाठी काय कुणी प्रार्थना केली नसेल का रे?"

मी काही उत्तर दिलं नाही. शास्त्रही देत नाही. याकोब गेला आणि पेत्र सुटला, एकाच अध्यायात, काही ओळींच्या अंतराने, आणि का ते सांगितलेलं नाही. पण विश्वास कमी पडला म्हणून याकोब गेला असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. अकरा वर्षांत हे आम्हाला कुणी दाखवलं नव्हतं.

मग देव सगळं ठरवतोच, तर आपल्या विश्वासाला काम काय? हे मला कृत्यांच्याच सत्ताविसाव्या अध्यायात दिसलं. तिथे प्रेषित पौलाच्या जहाजाची, तारवाची, गोष्ट आहे. मी एसटीत एकोणतीस वर्षं ड्रायव्हर होतो, त्यामुळे ते तारू मला माझी गाडीच वाटली. पौल कैदी आहे, रोमला चाललाय. चौदा दिवस वादळ. तारवावर 276 माणसं. देवाचा दूत पौलाला सांगतो की तुला कैसरापुढे, म्हणजे रोमच्या बादशहापुढे, उभं राहायचंच आहे आणि तुझ्याबरोबरच्या सगळ्यांचे जीव देवाने तुला दिलेत. म्हणजे निकाल लागला. तळाशी संदर्भ आहे 23:11 चा, म्हणजे तेविसाव्या अध्यायातल्या अकराव्या ओवीचा, तिथे प्रभूने स्वतः पौलाला रोमबद्दल आधीच सांगून ठेवलंय. एवढं पक्कं वचन हातात असताना रात्री खलाशी पाण्याची खोली मोजतात, वीस वाव, मग पंधरा वाव (वाव हे खोलीचं जुनं माप). नांगर टाकतात. नांगर टाकायच्या मिषाने होडी पाण्यात सोडून पळायला बघतात, तर पौल शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या नायकाला, स्पष्ट सांगतो की ही माणसं तारवावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात. पहाटे पौल सगळ्यांना जेवायला बसवतो, भाकर घेऊन सगळ्यांदेखत देवाचे आभार मानतो.

कोणी बुडणार नाही हे 22व्या ओवीत, आणि ही माणसं थांबली नाहीत तर बुडाल हे 31व्या ओवीत. पौलाला ह्यात काही विसंगत वाटलेलं दिसत नाही. मी माळशेज घाटात गाडी घालायच्या आधी स्टिअरिंगवर हात ठेवून प्रार्थना करायचो आणि खाली उतरून टायर बघायचो, ब्रेकचं प्रेशर बघायचो. टायर बघताना माझा देवावरचा भरवसा कमी झाला असं मला कधी वाटलं नाही. वचन आहे म्हणूनच पौलाला त्या रात्री झोपून राहता आलं नाही, असं मला वाटतं. पौलाच्याच फिलिप्पैकरांस पत्रातल्या 2:12 आणि 13 ह्या ओव्या ह्याच्या शेजारी ठेवून वाचा. आधीच्या वचनात आपलं तारण भीत-कापत साधून घ्यायला सांगितलंय, लगेच पुढच्यात म्हटलंय की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देवच आहे. तारण सर्वस्वी देवाच्या निवडीवर म्हणणाऱ्या कॅल्विनच्या आणि माणसालाही हो-नाही म्हणता येतं म्हणणाऱ्या अर्मिनियसच्या अनुयायांचा वाद 1618-19 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेपर्यंत गेला, आजही बायबल कॉलेजात शिकून आलेली मुलं त्यावर तावातावाने बोलतात. त्यांनी बोलावं. पण ही दोन वचनं त्यांनी सुटी करू नयेत.

आईने त्या अध्यायावरही एक प्रश्न काढला. 276 जणांत विश्वास कुणाकुणाचा होता? शिपाई, कैदी, पळायच्या बेतात असलेले खलाशी. देवावर माझा विश्वास आहे असं तिथे तोंडाने म्हणालेला दिसतो तो एकटा पौल. किनाऱ्याला मात्र सगळे लागले, कुणी पोहत, कुणी फळ्यांवर. तारू फुटलं ते फुटलंच.

तरी एकाचा विश्वास दुसऱ्याला कायमचा पुरत नाही, हेही आम्हा नगरच्या माणसांना सांगायला नको. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला, त्याची योजना कुणी केली असेल ते आम्ही मानतो. पण तो करार त्यांनी स्वतः वाचला आणि 1895 मध्ये बाप्तिस्मा स्वतः घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला 1900 मध्ये. मधली वर्षं त्या माउलीने काय सोसलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. नवऱ्याचा विश्वास त्यांच्या नावावर चढवता आला नाही, त्यांना स्वतःच तिथवर यावं लागलं.

मागच्या नकाशांबद्दल राहिलं. पौलाच्या रोमप्रवासाचा नकाशा आहे, पण रंग फिके आणि माल्टा इतकं लहान की मी पेन्सिलीने गोल केला. पुठ्ठा आठ महिन्यांत सैल झालेला नाही, शिलाई मजबूत आहे. घरात वयस्कर माणूस असेल तर जरूर घ्या, आणि संदर्भ वाचून दाखवायला शेजारी कुणीतरी बसा.

दुसऱ्या फितीची सोय आईनेच केली. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, देवळात मिळालेला झावळीचा क्रूस तिने खूण म्हणून ठेवला. सध्या आम्ही यशया वाचतोय, फीत तिकडे असते. क्रूस मात्र तिने कृत्यांच्या बाराव्या अध्यायातून मला हलवू दिलेला नाही.